निंब, बाज आणि दोनशे प्रश्न

पुस्तकाच्या हिशेबानं माझी माय 'टार्गेट' आहे.

मातृभक्तीला बाध येईल असं यात काही नाही. झाडांचा तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळवायची जी परीक्षा मी देणार आहे, तिच्यात झाडापासूनचा धोका कसा मोजायचा याचं अख्खं प्रकरण आहे. झाड उन्मळलं किंवा फांदी मोडली, तर ती ज्यावर पडेल ते टार्गेट. मोटार, पत्र्याचं छप्पर, विजेची तार, माणूस, काहीही. आमच्या केनवडच्या अंगणात मोटार नाही, छप्पर निंबापासून लांब आहे, तार गल्लीच्या पल्याड. उरली माय. ती उन्हाळाभर निंबाखाली बाज टाकून असते, आणि त्याच निंबाची मांडीएवढी जाड फांदी वाळून खडखडीत झालेली आहे.

अशा वेळी काय काय करता येतं, ते पुस्तकात दिलंय. त्यातला मला सर्वांत आवडलेला उपाय असा, की दर वेळी झाडालाच हात लावायची गरज नसते. जमत असेल तर टार्गेट हलवा. बाक उचलून दुसरीकडे ठेवा, गाडी पलीकडे लावा. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "माय, बाज जराशी तिकडं सरकवू का?"

"कायले?"

"वरची फांदी वाळली ना. पडन एखाद्या वेळी."

"तिले पडाचं असतं तं मागच्या वादळातच पडली असती," माय म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

धोक्याच्या मूल्यमापनाचा पहिला दिवस असा गेला.

केनवड हे रिसोड तालुक्यातलं, मालेगाव–मेहकर रस्त्यावरचं गाव. इथून बाहेर पडून मला वीस वर्षं झाली. पुण्यात मी सोसायट्यांची झाडं राखतो. राखतो म्हणजे बहुतेक वेळा कापतो. फांदी खिडकीत आली, फुलं गाडीवर सांडली, पाखरांनी घाण केली, की लोकांना माझी आठवण होते. इतकी वर्षं मी अनुभवावर कापत आलो. अनुभव म्हणजे आधीच्या चुकांना आपणच ठेवलेलं गोड नाव. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "तुम्ही सर्टिफाइड आहात का?" मी म्हटलं, "तसा मी शेतकऱ्याचा मुलगा आहे." त्यांना ते प्रमाणपत्र पुरेसं वाटलं नाही.

तर ही परीक्षा. ती घेते इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर. १९२४ साली अमेरिकेत तिची सुरुवात झाली ती 'शेड ट्री कॉन्फरन्स' या नावानं, म्हणजे चक्क सावलीच्या झाडांची परिषद. परीक्षेला बसायलाच झाडांच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. प्रश्न २००, वेळ साडेतीन तास. एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. ज्या जिवाला एक फांदी धरायची की सोडायची हे ठरवायला पाच-पाच वर्षं लागतात, त्याच्याबद्दलचं मत मिनिटात द्यायचं. आणि पास झालो म्हणून सुटलो असं नाही. दर तीन वर्षांनी नवं काही शिकल्याचा पुरावा दाखवून प्रमाणपत्र ताजं करून घ्यावं लागतं. झाडाला दर वर्षी नवं कडं चढतं, तज्ज्ञाला दर तीन वर्षांनी.

पुण्यात अभ्यास होईना, म्हणून मे महिन्यात पुस्तकं घेऊन घरी आलो. गावात बातमी पसरायला निंबाचं पान गळायला लागतं तेवढाही वेळ लागला नाही. शेजारचे काका काठी टेकत आले.

"कायची परीक्षा देऊन राह्यला म्हणे?"

"आर्बोरिस्टची, काका."

काका जरा थांबले. मग चेहरा उजळला. "चांगलं हाय बापा. अरबस्तानात पगार चांगला भेटते."

मी समजावलं, अरब नाही, झाडं. कापायची कशी, लावायची कशी, दुखणं ओळखायचं कसं. काकांनी निंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मायला विचारलं, "याची पुण्याची नोकरी गेली का वं?"

घरात परीक्षार्थी दोन आहेत. माझा भाचा वनरक्षक भरतीची तयारी करतोय. तो पहाटे उठून रस्त्यानं पाच किलोमीटर धावतो, कारण वनरक्षकाला धावण्याचेही गुण असतात. लेखी परीक्षा म्हणजे मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी. घामाघूम होऊन तो परततो तेव्हा मी खुर्चीत बसून जलवाहिनी आणि रसवाहिनी यांतला फरक घोकत असतो. त्याला माझं नवल वाटतं. "मामा, तुमच्या परीक्षेत सगळे प्रश्न झाडाचेच?" मी म्हणतो हो. "अन् धावायचं काहीच नाही?" मी म्हणतो, झाड कुठं पळून जातं? त्यावर तो जे म्हणाला, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं: "माया परीक्षेतबी झाड नाही पळत, मामा. झाड नेणारा पळते."

आम्ही एकमेकांना प्रश्न घालतो. तो मला समास सोडवायला लावतो, मी त्याला झाडाचं दुखणं विचारतो. दोघंही सारखेच नापास होतो, त्यामुळे घरात शांतता आहे.

माझं सगळ्यात मोठं भांडण भाषेशी आहे. पुस्तक इंग्रजीत, झाडं मराठीत. त्यामुळे मी दर शब्दाला घरचा कपडा घालून बघतो. फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगीर वळी असते, दंडावर चोळीची बाही रुतून बसावी तशी. इंग्रजीत तिला 'कॉलर' म्हणतात. फांदी काढताना काप या वळीच्या बाहेर घ्यायचा. वळीला धक्का लागता कामा नये, कारण जखम बुजवायचं सामान तिच्यातच असतं. खोडाला घासून सपाट कापणं चूक, आणि हातभर खुंट ठेवणंही चूक. जड फांदी असेल तर एका कापात काढायची नाही. आधी खोडापासून वीतभर लांब, खालून अर्धवट चीर. मग तिच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडत नेत नाही. आणि शेवटी उरलेला खुंट वळीच्या बाहेरून अलगद काढायचा. तीन कापांची ही पद्धत मी इतक्यांदा घोकली, की एकदा ताटातली भाकरीही तीन टप्प्यांत मोडली.

वळीचं हे महत्त्व जगाला पटवून दिलं ते अ‍ॅलेक्स शायगो यांनी. १९३० ते २००६ हा त्यांचा काळ. अमेरिकेच्या वनखात्यात झाडांच्या रोगांचे अभ्यासक. तोवर लोक लाकडाच्या चकत्या पाडून आत बघत. शायगोंनी यांत्रिक करवत घेतली आणि झाडं उभी चिरून पाहिली. दहा-वीस नाही, हजारोंनी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो हे आपण ऐकलेलं असतं. इथं करवतीनं गोताची वकिली केली. त्यांना दिसलं ते असं: झाडाची जखम भरून येत नाही. आपलं खरचटलेलं ढोपर आठवड्यात नव्या कातडीनं पूर्ववत होतं, तसं झाडाचं नसतं. कुजलेलं लाकूड आत कायमचं राहतं. झाड त्याच्याभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत राहतं.

या भिंती चार. पहिली वर-खाली पसरणारी कूज अडवते. ती सगळ्यात कच्ची. दुसरी कुजीला गाभ्याकडे जाऊ देत नाही. तिसरी तिला बाजूला पसरण्यापासून रोखते. चौथी जखमेनंतर तयार होते, जुन्या आणि नव्या लाकडाच्या मधोमध, आणि ती सगळ्यात पक्की. हे माझ्या डोक्यात राहीना. शेवटी आमच्या भागातल्या कुठल्याही घराला समजेल अशी खूण सापडली: वाटणी. झाड बिघडलेल्या हिश्शाशी भांडत बसत नाही, त्याला सुधारायलाही जात नाही. मधे भिंत घालतं, तुझं तुला, माझं मला, आणि पुढच्या पावसाळ्याच्या कामाला लागतं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे झाड कोर्टात नाही जात." हा प्रश्न परीक्षेत आला तर माझा एक गुण पक्का.

जखमेवर काही फासावं का, हाही नेहमीचा प्रश्न. उत्तर: सहसा काही नको. हे गावात सांगणं अवघड आहे. आपल्याकडे फांदी तोडली की शेण लावायचं, आणि रस्त्याकडेच्या खोडांना गेरू-चुन्याचे पट्टे तर असे, की सगळी झाडं एकाच शाळेत जातात असं वाटावं. झाडाला काही ना काही औषध करायची ही सवय काही आजकालची नाही. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडांना वात, पित्त, कफ आहेत, आणि त्यांवर दूध, तूप, मध यांचे उपचार आहेत. ती पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. नलिनी साधले यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९९६ साली आलं. म्हणजे आपला झाडांचा वैद्यही परदेशी जाऊन, इंग्रजी शिकूनच परत आला. मला ते वाचून धीर आला.

झाडं ओळखायचा भाग मला सोपा जाईल असा माझा समज होता. पण शास्त्रीय नावांनी पंचाईत केली. पळस म्हणजे 'ब्युटिया'. हे नाव ब्यूट नावाच्या एका ब्रिटिश उमरावावरून पडलं. कडूनिंब 'आझादिराक्टा', तर ते फारसी 'आझाद दरख्त'वरून, म्हणजे मुक्त वृक्ष. बाभळीनं तर मधेच आडनाव बदललं. शाळेत शिकलो तेव्हा ती 'अकेशिया' होती, आता 'व्हॅचेलिया' झाली. शेळ्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. यापेक्षा आपली पद्धत बरी. पळसाला पाने तीन, हे म्हणीतच सांगून टाकलेलं. ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि ओसाड गावी एरंड बळी, ही म्हण मला आता नव्यानं कळली: गावात एकच झाडांचा डॉक्टर म्हणजे मीच तो एरंड. पुस्तकाप्रमाणे एरंड धड झाडातही मोडत नाही.

मातीच्या प्रकरणानं मात्र हसू थांबलं. मला लहानपणापासून वाटायचं, झाड जेवढं वर तेवढंच खाली. पुस्तक म्हणतं, अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, आणि आडवी मात्र फांद्यांच्या घेरापल्याड लांबवर जातात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळ असावी: तिच्यातला अर्धा भाग पाण्याचा, अर्धा हवेचा. आमची काळी माती हे काम स्वतःच करते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जणू ती स्वतःलाच नांगरून घेते. आणि अशा मातीवर, निंबाच्या बुंध्याला चिकटून, मी सहा वर्षांपूर्वी पुण्याहून पैसे पाठवून सिमेंटचा ओटा बांधून घेतला. मायला बसायला सोय म्हणून. बुंधा जिथं रुंदावत मातीत उतरतो, तो भाग उघडा राहिला पाहिजे. आम्ही तो भराव घालून गाडला आणि वर गुळगुळीत गिलावा केला. वाळलेली फांदी नेमकी ओट्याच्या अंगाची आहे. याला योगायोग म्हणायला पुस्तक तयार नाही, आणि मलाही तसं म्हणवत नाही.

माय त्या ओट्यावर कधीच बसली नाही. "तापते," एवढंच म्हणाली होती.

निंबावर माझी आणखी एक सही आहे. दहावीत असताना, गुरांच्या छपरासाठी, मी एक फांदी खोडाला घासून सपाट कापली होती. वळीसकट. त्या वेळी मला ते काम फार सफाईचं वाटलं होतं. तिथं आता ढोली झालीय, आणि ढोलीत साळुंकीचं घरटं. परीक्षेच्या कागदावर या जागेला 'दोष' लिहायचं. साळुंकी दिवसातून शंभर वेळा तोंडात अळी घेऊन त्या दोषात शिरते.

एकदाचं मी ठरवलं, की वाळलेली फांदी काढून टाकू. तीन काप, दोरखंड, सगळा सराव होईल. पुण्यात फांदीला हात लावायचा तर १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष अधिकारी आहेत, अर्ज आहे, फोटो आहेत. केनवडच्या अंगणात वृक्ष अधिकारी एकच. मी बाजेजवळ जाऊन तोंडी अर्ज केला.

"पाखराची पिल्लं उडू दे," माय म्हणाली. "मंग काढ. पान्याच्या आधी काढ, पन पिल्लं उडाल्यावर."

अर्ज नामंजूर. पुस्तकात पाहिलं तर तिथंही हेच: काम सुरू करण्याआधी घरटी आहेत का बघा. म्हणजे उपाय एकच उरला, टार्गेट हलवणं. आणि ते हलायला तयार नव्हतं.

मग मी धोका मोजायचा रीतसर कागद भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो: टार्गेट त्या जागी किती वेळ असतं? सतत, वारंवार, कधीमधी, की क्वचित? मी मायसाठी 'सतत'वर खूण करणार होतो. पण परीक्षार्थी माणूस. म्हटलं, नुसतं वाटतं म्हणून लिहू नये, दिवसभर बघून लिहावं.

तो दिवस २१ मेच्या आसपासचा होता. या दिवसांत आमच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच जिरते. सकाळी माय निंबाच्या पश्चिमेला होती. ऊन चढलं तशी बाज बुंध्याकडे सरकली. माय उठते, एक पाय धरून बाज ओढते, पुन्हा पडते; डोळेही पुरते उघडत नाहीत. दुपारी बाज बुंध्याला लागली. दिवस कलला तशी पूर्वेला निघाली. रात्री तर निंबाखाली नाहीच. झाडाखाली रात्री झोपू नये म्हणून बाज अंगणाच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली.

भर दुपारी मी जमिनीवर बघितलं. निंबाच्या दाट सावलीत एकाच ठिकाणी उन्हाचा लांबट तुकडा पडला होता. वर पाहिलं. बरोबर वर वाळलेली फांदी. तिला पानं नाहीत, म्हणून सावली नाही. सावली नाही, म्हणून माय तिथं कधी जातच नाही. फांदी वाळल्यापासून बाजेनं अंगणभर फेऱ्या मारल्या असतील, पण त्या फांदीखाली ती एकदाही थांबलेली नसणार. झाडाचं जे अंग मेलं, त्याच्याकडून सावलीची आस धरायची नाही, एवढा हिशेब मायनं करवत न घेता केला होता. मी 'सतत' खोडलं.

मग त्या उन्हाच्या तुकड्यात आहे तरी काय, म्हणून पाहिलं. तिथं माझी प्लास्टिकची खुर्ची होती. आल्या दिवशी मीच ती जागा निवडली होती. वर पानं नसल्यामुळे सकाळ-संध्याकाळ आभाळाचा उजेड थेट पुस्तकावर पडतो. बारीक अक्षरं वाचायला बरं पडतं. रोज सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन. फांदीखाली बसून मी फांदीचा धोका घोकत होतो.

भाचा ओट्यावर टेकला होता. त्यानं कागदाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि मोठ्या मनानं काही बोलला नाही. रकान्यात मी 'वारंवार' लिहिलं आणि टार्गेटच्या नावापुढं स्वतःचं नाव टाकलं.

बाजेवरून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते. "हलव म्हनत होता ना? हल मंग."

मी खुर्ची उचलली आणि बाजेशेजारी नेऊन ठेवली. तिथं उजेड कमी आहे, अक्षरं नीट दिसत नाहीत. चौथी भिंत कुठली, हे पुन्हा विसरलो. डोक्यावर निंबाचा लिंबोळ्या भरलेला घोस हलत होता आणि साळुंकी ढोलीत शिरत होती. तासाभरानं ऊन माझ्या गुडघ्यावर आलं, तेव्हा मायनं झोपेतच हात लांबवून बाज हातभर ओढली. मीही पुस्तकात बोट घालून खुर्ची ओढली.